सतरा नंबरची ओळ

ताईच्या घरात टोमॅटोला बंदी होती. कच्चा नाही, शिजवलेला नाही, सॉसची बाटलीसुद्धा नाही. लग्न झाल्यावर पहिले काही दिवस नवऱ्याला वाटलं, हिला टोमॅटो आवडत नसावा. मग एकदा ऑफिसातून येताना त्याने सँडविच आणलं आणि त्यात दोन चकत्या निघाल्या. ताईने त्याला दारातूनच मागे फिरवलं. बाहेरच्या पायरीवर बसून त्याने ते खाल्लं, बागेच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि मगच त्याला घरात प्रवेश मिळाला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की बायकोला टोमॅटोचा राग नाही. तिला त्याची भीती वाटते.

ही भीती तिच्या कामातून आली होती. शहराबाहेरच्या एका संशोधन केंद्रात ती चौदा वर्षं टोमॅटोचे नवे वाण तयार करत होती. बाजारातल्या टोमॅटोवर कधी कधी एक विषाणू असतो. केंद्रातली माणसं त्याला नुसतं ‘चट्टा’ म्हणत. माणसाला त्याच्यापासून काही होत नाही. खा, पचवा, विसरून जा. पण त्या टोमॅटोचा रस बोटाला लागला आणि ते बोट झाडाला लागलं, तर ते झाड गेलंच म्हणून समजायचं. या विषाणूला ना वारा लागतो, ना किडा. त्याला नुसता स्पर्श पुरतो. सुरीवर, कपड्यावर, दाराच्या कडीवर तो महिनोन्महिने पडून राहतो.

म्हणून केंद्राचे नियम कडक होते. बाहेरचा टोमॅटो हाताळायचा नाही, हा पहिला. काचघरात शिरण्याआधी दुधाच्या भुकटीच्या पाण्यात हात बुडवायचे, हा दुसरा. दुधातली प्रथिनं विषाणूला चिकटून बसतात आणि त्याला लुळं करून टाकतात. आणि तिसरा नियम म्हणजे सगळ्यात मोलाच्या झाडांपासून दिवसाची सुरुवात करायची, आजारी आणि संशयास्पद झाडांकडे शेवटी जायचं. सकाळी हात सगळ्यात स्वच्छ असतात, म्हणून सकाळ चांगल्या झाडांची.

ताईची मोलाची झाडं दोन नंबरच्या काचघरात सतराव्या ओळीत होती. सात वर्षांपूर्वी तिने एका रानटी टोमॅटोशी संकर केला होता. वाटाण्याएवढं, हिरवं, कडू फळ. हा टोमॅटोचा नातेवाईक आहे, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. पण बाजारातले टोमॅटो आता सख्ख्या भावंडांसारखे झालेत. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मोठं आणि लाल तेवढंच निवडलं आणि निवडता निवडता बाकीचे गुण गाळून टाकले. त्यातले काही या रानटी म्हाताऱ्यांकडे अजून शिल्लक आहेत. ताईने त्या संकरातून हजारो रोपं वाढवली. बहुतेक कडू निघाली, काही खुरटी, काही वांझ. उरलेल्यांतून पुन्हा निवड, पुन्हा पेरणी. नवव्या पिढीत सतराव्या ओळीत वीस झाडं उभी राहिली. नेहमीचं झाड सहा किलो फळ देतं. ही झाडं नऊच्या आसपास जातील, असा तिचा अंदाज होता. तीन आठवड्यांनी फळं तोडायची, एकेका झाडाचं वजन करायचं, बी काढायचं आणि दुसऱ्या तीन केंद्रांना चाचणीसाठी पाठवायचं, असं ठरलं होतं. घरी ती ‘आमची सतरा’ असं म्हणायची. नवरा म्हणायचा, “मला वाटलं मुलगी बारावीला आहे.”

सासूबाई महिन्याभरासाठी राहायला आल्या होत्या, डोळ्याच्या ऑपरेशननंतर. त्यांना ही बंदी अजिबात मंजूर नव्हती. “सून टोमॅटोची डॉक्टर,” त्या शेजारणीला फोनवर सांगत, “आणि सासूला टोमॅटोचा उपास. सांगायची सोय नाही.”

पंचवीस तारखेला सकाळी धूरकाकांनी ताईला काचघराच्या दारातूनच हाक मारली.

धूरकाका केंद्रातले सगळ्यात जुने कामगार. पाणी, खत, झाडं दोरीला बांधणं, सगळं त्यांच्याकडे. दर दोन तासांनी कुंपणाबाहेर जाऊन सिगारेट ओढायचे, म्हणून हे नाव. ताईचंही एक नाव होतं, ‘चिमटाताई’. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. त्याचा संकर करायचा तर कळी उमलायच्या आधीच उघडून आतले पुंकेसर उपटून काढावे लागतात. त्यासाठी बोटभर लांबीचा, केसासारख्या टोकाचा स्टीलचा चिमटा तिच्याकडे होता. तो ती कुणाला देत नसे. केंद्रात ठेवतही नसे. चामड्याच्या छोट्या म्यानात घालून तो तिच्या पर्समध्ये घरी जाई आणि तिच्याबरोबर परत येई.

“ताई, जरा दोन नंबरच्या ओळीत या,” काका म्हणाले. “खत कमी पडलंय बहुतेक. तसंच असू दे रे बाबा, असं म्हणतोय मी.”

दाराजवळच्या दुसऱ्या ओळीत कोवळी रोपं होती, गुडघ्याएवढी, पहिला घोस नुकता धरलेली. चौथ्या रोपाच्या शेंड्याजवळच्या पानावर गडद आणि फिकट हिरव्याचे तुकडे पडले होते. पानाची कड सुरकुतून आत वळली होती.

ताई वाकली. हात तिने आपसूकच पाठीमागे बांधले.

“मॅग्नेशियम कमी असलं की शिरांच्या मधे पिवळं पडतं,” ती हळू म्हणाली. “आणि ते खालच्या पानांपासून सुरू होतं. हे वरून आलंय.”

“म्हणजे?”

ती सरळ झाली आणि दोन पावलं मागे सरकली. काकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

अर्ध्या तासात संचालक आले. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. सरांनी पेटीतून तपासणीच्या पट्ट्या काढल्या. गरोदरपणाच्या चाचणीला असते तशीच ही पट्टी; पान चुरडून त्याच्या रसात बुडवायची. एक रेघ उमटली तर झाड स्वच्छ. दोन उमटल्या तर चट्टा. तिघं पट्टीकडे बघत उभे राहिले. पहिली रेघ आली. मग काही क्षण काहीच झालं नाही, आणि मग पहिलीच्या खाली दुसरी रेघ वर आली.

दुपारपर्यंत दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत मिळून सात झाडं सापडली. सगळी दाराकडची, कोवळी.

सरांनी ऑफिसात काचघराचा नकाशा टेबलावर पसरला. चोवीस ओळी, ओळीला वीस झाडं. “एक ते बारा उपटून जाळायच्या,” ते म्हणाले. “तेरा ते चोवीस अजून स्वच्छ दिसतायत. मागच्या भागातून मी पाच पानं तपासली, पाचही ठीक. तुमच्या सतरातलं पान मात्र तुम्ही तोडू दिलं नाहीत.”

“फळं भरतायत, सर. एक पान कमी झालं तरी वजनात फरक पडतो.”

हे खरं होतं. तरी बोलताना तिला स्वतःचा आवाज जरा जास्तच सरळ वाटला.

“बरं. मग मागच्या भागाचं बी वेळेवर काढू, औषधाच्या पाण्यात धुऊ आणि पाठवून देऊ. तेवढं तरी वाचेल.” सर खुर्चीत मागे रेलले. “आता प्रश्न आला कुठून याचा. मला तर विचार करायचीसुद्धा गरज वाटत नाही. तंबाखूतून जो विषाणू येतो, तो चट्ट्याचा चुलतभाऊच. काकांचं बाकडं कुठेय? दाराशी. आजारी झाडं कुठेत? दाराशी. त्यांना मी सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगणार आहे.”

“बत्तीस वर्षं झाली त्यांना इथे.”

“म्हणूनच सांगताना जड जातंय. नाहीतर आत्ताच सांगितलं असतं.”

ताई नोंदवही घेऊन आपल्या टेबलाशी बसली. आजारी सात झाडांवर संकराच्या चिठ्ठ्या होत्या. ज्या फुलावर काम झालं त्याच्या देठाला कागदाची चिठ्ठी बांधायची, तीवर तारीख आणि काम करणाऱ्याची खूण. तिने सात नंबर वहीत शोधले. सातही चिठ्ठ्यांवर एकच तारीख होती. नऊ. आणि सातही खुणा तिच्या स्वतःच्या.

त्याच ओळींत काकांनी रोज पाणी घातलं होतं, चाळीसही झाडांना. मग सातच का? आणि जिथे तिने कळ्या उघडल्या, नेमकी तीच सात का?

नऊ तारखेला दुपारी तिने ही कोवळी रोपं केली होती. आणि सकाळी? पान उलटायच्या आधीच तिला ठाऊक होतं. सकाळी, हात सगळ्यात स्वच्छ असताना, सतरावी ओळ. मग अठरावी. मग एकोणिसावी.

नऊ तारखेची सकाळ मग हळूहळू परत आली. स्वयंपाकघरातलं टेबल. सासूबाई एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसलेल्या, आणि त्यांच्यासमोर, बंदी धाब्यावर बसवून शेजारणीकरवी मागवलेले, अर्धा किलो लालबुंद टोमॅटो.

“आता ओरडू नकोस,” त्या म्हणाल्या होत्या. “एकच खाते. पण यावर हा कागद चिकटवलाय मेल्यांनी, दुकानाचा. मला कड दिसेना. तुझी नजर चांगली, तेवढा काढून दे.”

ताई चिडली होती. पण ओरडली नव्हती. हात लावायचा नाही म्हणून, अगदी त्याच कारणासाठी, तिने पर्समधून चिमटा काढला होता. बोट न लावता, दोन टोकांनी कागदाची कड धरून तो सोलून काढला होता. कागदाबरोबर सालीचा एक पापुद्रा निघाला आणि एक थेंब रस वर आला. सासूबाई म्हणाल्या, “वा, शस्त्रक्रियाच झाली.” मग ताईने पिशवी दाराबाहेर ठेवायला लावली, टेबल दोनदा पुसलं, हात साबणाने तीनदा धुतले, कपडे बदलले. केंद्रात पोचल्यावर दुधाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवले. आपण किती काळजी घेतो, याचं तिला त्या दिवशी बरंसुद्धा वाटलं होतं.

आणि चिमटा टिपकागदाने पुसून म्यानात गेला होता.

दिवसभर प्रत्येक फुलानंतर तिने तो स्पिरिटमध्ये बुडवला होता, हेही तिला आठवलं. स्पिरिटने पराग मरतो. चट्ट्याला स्पिरिटने काहीही होत नाही. हे वाक्य ती दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून द्यायची आणि खाली दोन रेघा मारायची.

कोवळं रोप पंधरा-सोळा दिवसांत चट्टे दाखवतं. पूर्ण वाढलेलं, फळांनी लगडलेलं झाड महिनाभरसुद्धा काही दाखवत नाही. सतरावी ओळ हिरवीगार होती, याचा अर्थ काहीच नव्हता. नव्हे, चिमट्यावर सगळ्यात जास्त विषाणू होता तेव्हा तो पहिल्यांदा सतरामध्येच गेला होता. चांगल्या झाडांची सकाळ.

पण कदाचित नसेलही. टोमॅटोवर चट्टा होता कशावरून? सात हा योगायोग कशावरून नाही? आणि असला तरी बी औषधात धुतलं की बहुतेक स्वच्छ होतं. तिने हा शब्द मनातल्या मनात कितीतरी वेळा म्हणून बघितला. बहुतेक. तीन केंद्रांत मिळून दहा हजार बिया जाणार होत्या. त्यातली एक राहिली तरी एक रोप, त्याला बांधणारे हात, मग शेजारचं रोप. तीन केंद्रांमागे किती शेतं असतात, हे ती मोजायला लागली आणि थांबली.

संध्याकाळी बसथांब्यावर धूरकाका उभे होते. खिशातलं पाकीट त्यांनी बाहेर काढलं, ताईला बघून परत ठेवलं.

“सरांनी सांगितलं का तुम्हाला?” तिने विचारलं.

“तोंडाने नाही. पण आज त्यांनी मला चहा विचारला. बत्तीस वर्षांत कधी विचारला नव्हता.” ते हसले, मग खोकले. “ताई, एक करा. ओढतो मी, ते लपवत नाही. घरची सांगून दमली. पण ओढून आल्यावर मी अॅप्रन बदलतो, दुधात हात कोपराच्या वरपर्यंत घालतो. तुम्ही सगळे हसता मला, काका आंघोळीला निघाले म्हणून. तुम्ही बघितलंय ना रोज?”

“बघितलंय.”

“मग तेवढंच सांगा साहेबांना. नोकरी ठेवा म्हणून नका सांगू. पण झाडं माझ्या हाताने मेली म्हणून बाहेर पडायचं, हे जरा... जमणार नाही मला.”

“सांगते,” ताई म्हणाली. बस आली. चढताना तिने दांडा धरला आणि झटकन हात मागे घेतला, जणू तो दांडाच आता आजारी पडणार होता.

घरी ती काही जेवली नाही. सासूबाई एका डोळ्याने तिच्याकडे बराच वेळ बघत होत्या.

“काय बिनसलंय?”

“काही नाही.”

“मला एकच डोळा आहे सध्या, पण तो तुझ्यावरच आहे. मी मागवले तेव्हापासून घरात एक टोमॅटो आला नाही, शपथ. मग कशाला तोंड पाडून बसलीस?”

ताईला वाटलं, सांगावं. पण हे सांगितलं तर म्हातारीला तो टोमॅटो आयुष्यभर पुरेल. “कामाचा ताण आहे, आई,” ती म्हणाली.

“मग काम कर आणि मोकळी हो. ताण काय, बसून राहिलं की वाढतो. माझ्या वजनासारखा.”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. केंद्रात पहारेकऱ्याशिवाय कुणी नव्हतं. ताईने ऑफिसातून चार पट्ट्या घेतल्या. नवे हातमोजे, नवा अॅप्रन, प्लास्टिकची पिशवी. चिमटा तिने आणला नव्हता. तो घरी बंद डब्यात होता आणि तो डबा उघडायची तिची हिंमत झाली नव्हती.

काचघरात पंखे घरघरत होते. सतराव्या ओळीत झाडं तिच्या डोक्यापेक्षा उंच होती, दोरीवर चढलेली. घोसाला सहा-सात फळं, खालची लाल होत आलेली. पानांवर एक डाग नव्हता. इतकी निरोगी झाडं तिने क्वचितच बघितली होती, आणि नेमकी त्याचीच तिला भीती वाटली. आजारी माणूस कण्हतो, त्याच्यापासून दूर राहता येतं. ही तर हसत होती.

पहिल्या झाडाचं शेंड्याचं पान तिने पिशवीत धरून खुडलं, चुरडलं, पट्टी बुडवली. मनगटावरच्या घड्याळात काटा फिरत होता. पाच मिनिटं लागतात. दोन मिनिटांनी पहिली रेघ आली. ती यायलाच हवी; पट्टी चालू आहे, एवढंच ती सांगते. तिसऱ्या मिनिटाला पंख्याचा आवाज एकदम बंद झाला आणि ती दचकली. तापमान उतरलं की पंखे आपोआप थांबतात, हे तिला चौदा वर्षं माहीत होतं. शांततेत पाण्याच्या नळीतून थेंब पडत होते. चौथ्या मिनिटाला पट्टीवर काहीतरी होतं किंवा नव्हतं. तिने ती उजेडाकडे धरली, मग सावलीत धरली. पाचव्या मिनिटाला धरायची गरज उरली नाही.

दुसरी रेघ गडद होती. काल दाराजवळच्या रोपाची होती, तिच्याहून गडद.

तिने आणखी तीन झाडं तपासली. तीन वेळा दोन रेघा.

तेव्हाही एक क्षण असा आला, तो तिने पुढे कुणालाच सांगितला नाही. चार पट्ट्या पिशवीत होत्या, पिशवी खिशात मावत होती, आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. सोमवारी काका जातील. एक ते बारा जळतील. सतराचं वजन होईल, नऊ किलो, कदाचित साडेनऊ. बी धुतलं जाईल. बहुतेक स्वच्छ होईल. ती पिशवीकडे बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला चट्ट्याची भीती वाटते त्याहून जास्त आता आपलीच वाटते आहे.

तिने बाहेर येऊन सरांना फोन लावला.

“शनिवारी?” सर म्हणाले. “काय झालं?”

“सतरा गेली आहे, सर. आणि ती माझ्यामुळे गेली. काकांचा काही संबंध नाही.” मग तिने चिमट्याचं सगळं सांगितलं, क्रमाने, तारखेसकट, कागदाच्या कडेपासून स्पिरिटपर्यंत. सासूबाईंचा उल्लेख तिने ‘घरात एक टोमॅटो आला होता’ एवढ्यावर भागवला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“स्पिरिट,” सर शेवटी म्हणाले. “तुम्ही.”

“हो.”

“नऊ तारखेला तो चिमटा कुठे कुठे गेला, याची नोंद आहे?”

“एकेका फुलाची आहे. सतरा, अठरा, एकोणीस, मग दुपारी दोन आणि तीन. नंतर चौदा दिवस मी परिसंवादाला होते, चिमटा माझ्याबरोबर होता. चोवीसला परत आले, पण त्या दिवशी कळ्या उघडल्या नाहीत.”

“म्हणजे पाच ते बाराला धक्का नाही.” त्यांचा आवाज जरा बदलला, त्यात आता हिशेब करणारा माणूस होता. “शेजारच्या ओळी धरून एक ते चार आणि सोळा ते वीस काढाव्या लागतील. बाकी पंधरा ओळी राहतील, एकवीस दिवस नजरेखाली. शीतगृहात सतराचं मागचं बी कुठल्या पिढीचं आहे?”

“पाचव्या.”

“तीन वर्षं मागे.”

“तीन वर्षं.”

“लेखी द्यावं लागेल तुम्हाला. वरून काय येईल ते मी सांगू शकत नाही. आणि मी सांगेपर्यंत तुम्ही कुठल्याही काचघरात पाऊल टाकायचं नाही. तो डबा घेऊन या, न उघडता.” मग थोडं थांबून, “काकांना मी आत्ता फोन करतो. नाही, थांबा. तुम्हीच करा.”

काकांनी सगळं ऐकून घेतलं. शिव्या देतील असं तिला वाटलं होतं, निदान गप्प तरी होतील. ते म्हणाले, “म्हणजे सोमवारी मला यायचं आहे तर,” आणि मग, “उपटणार कोण सतरा? तुम्हाला तर आत घेणार नाहीत.”

सोमवारी काकांनीच उपटली. ताई काचेबाहेर उभी होती. प्रत्येक झाडाला आधी वरून मोठी पिशवी घालायची, तोंड बांधायचं, मग खाली कापायचं, म्हणजे पान कशाला घासत नाही. काका एकेका झाडाला पिशवी घालत होते, मान मोडलेल्या माणसाला उचलावं तसं सावकाश. पहिलं झाड कापल्यावर ते थांबले आणि काचेजवळ आले.

“वजन करू का?” त्यांनी काचेतून ओरडून विचारलं. “नाहीतरी जाळायचंच आहे. निदान आकडा तरी कळेल. पिशवीसकट काट्यावर ठेवतो.”

ताईने काट्याकडे बघितलं. काटा सगळ्या काचघरांचा एकच होता. आज इथे, उद्या तिथे.

तिने मान हलवली.

“नको?”

“नको.”

काकांनी पिशवी हातात तोलली, एकदा डाव्या, एकदा उजव्या, आणि ढकलगाडीवर ठेवली. वीस पिशव्या. लाल फळं प्लास्टिकला आतून टेकलेली दिसत होती.

मंगळवारपासून तपासणी सुरू झाली. पंधरा ओळी, तीनशे झाडं, रोज सकाळी, एकवीस दिवस. काका आत, पाठीमागे हात बांधून, एकेका झाडाचा शेंडा बघत. ताई बाहेर, काचेच्या उघड्या फटीशी स्टूल टाकून, मांडीवर वही घेऊन. वीस दिवसांपूर्वी या झाडांना आणखी कशाने स्पर्श झाला असेल? तिच्या बाहीने? गळ्यात अडकवलेल्या कात्रीच्या दोरीने? नोंदवहीत फुलांची नोंद होती. बाहीची कुठे असते?

“पाचवी ओळ,” काका म्हणाले. “पहिलं. स्वच्छ.”

“स्वच्छ,” ताईने लिहिलं.

“दुसरं. स्वच्छ.”

“हं.”

“तिसरं.”

ती थांबली. आत काका वाकले होते, शेंड्याच्या अगदी जवळ. ते काही बोलेनात. पाण्याच्या नळीतून थेंब पडत होते. ताईने पेन कागदावर टेकवून ठेवलं आणि कागदावर निळा ठिपका पसरत गेला.

“काका?”

काकांचा चेहरा पानांआड होता.

“काका, तिसरं काय आहे?”

“अहो थांबा हो, चष्म्यावर वाफ धरली,” काका म्हणाले. “दंडाने पुसतोय. हाताने पुसू का? तुमचाच नियम.” त्यांनी दंडाने चष्मा वर-खाली केला, पुन्हा वाकले. पुन्हा तितकाच वेळ गेला.

“तिसरं. स्वच्छ.”

“नीट बघा.”

“नीटच बघतोय. चौथं.”